विंडोजच्या सिस्टिम फाइल्स पुन्हा पुन्हा बिघडून संगणक सुरू होत नसेल तर : फॉरमॅट मारण्याआधी काय करायचं, कोणत्या क्रमाने

संगणक सुरू होत नाही, 'ऑटोमॅटिक रिपेअर'चं चक्र फिरत राहतं. दुकानात नेला की फॉरमॅट मारून परत मिळतो आणि महिन्या-दीड महिन्यात पुन्हा तेच. फाइल एकदा बिघडली तर तो अपघात म्हणता येईल. दुसऱ्यांदा बिघडली की कोणीतरी ती बिघडवतंय असंच धरून चाला. ते 'कोणीतरी' म्हणजे डिस्क, रॅम, वीजपुरवठा किंवा एखादं सॉफ्टवेअर. बहुतेक जण आधी फाइल दुरुस्त करतात आणि कारण शोधायचं राहूनच जातं. मग दर दुरुस्तीत घरचे फोटो नाहीतर दुकानाचा टॅलीचा डेटा पणाला लागतो. म्हणून खालचा क्रम उलटा आहे : आधी डेटा, मग कारण, आणि दुरुस्ती सगळ्यात शेवटी.

हे सगळं विंडोज १० आणि ११ दोन्हींना लागू आहे. कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत, पण संगणकावर त्या इंग्रजी अक्षरांतच टाइप करायच्या. 'एसएफसी'सारखी अक्षरं एकेक करून, 'स्कॅननाऊ'सारखे शब्द त्यांच्या इंग्रजी स्पेलिंगने. / आणि \ या दोन तिरक्या रेघा वेगळ्या आहेत, त्यांची अदलाबदल करू नका.

## तयारी : हे हाताशी असल्याशिवाय सुरुवात नको

विंडोजचा पेनड्राइव्ह. किमान ८ जीबीचा. दुसऱ्या चांगल्या संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून 'मीडिया क्रिएशन टूल' उतरवून तयार करा. पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं. बिघडलेल्या संगणकावर जी आवृत्ती आहे तीच घ्या, ११ असेल तर ११.

दुसरा पेनड्राइव्ह रॅमच्या चाचणीसाठी. छोटा चालेल.

बाहेरची हार्ड डिस्क, डेटा मावेल एवढी.

बिटलॉकरची (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट करणारी विंडोजची सोय) ४८ आकडी रिकव्हरी की. सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात. विंडोज ११ चे अनेक लॅपटॉप मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की आपोआप एन्क्रिप्ट होतात. आपण ते कधी चालू केल्याचं आठवतही नाही. फोनवरून त्याच खात्यात लॉगिन करा, उपकरणांच्या यादीतून की शोधा आणि कागदावर उतरवून घ्या. एकाच खात्यात अनेक की असतील तर स्क्रीनवर दिसणाऱ्या की-आयडीची पहिली ८ अक्षरं जुळवून पाहा.

> थांबा : लॅपटॉप कंपनीचा असेल, हिंजवडी किंवा खराडीच्या ऑफिसातून मिळालेला, तर पुढे जाऊ नका. की तुमच्याकडे नाही, ती आयटी विभागाकडे असते. घरी केलेल्या खटपटीने डेटा कायमचा कुलूपबंद होऊ शकतो.

एक वही. तारीख, स्क्रीनवरचा मेसेज, त्याआधी काय झालं होतं (वीज गेली, अपडेट आलं, नवा प्रोग्राम टाकला). पुढे तिसऱ्या पायरीत तिचाच आधार आहे.

## १. बटण दाबून बंद करणं थांबवा

'सुरू होताना तीनदा बटण दाबून बंद करा, म्हणजे रिकव्हरी येईल' हा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने रिकव्हरी येते हे खरं. पण फाइल्स आधीच बिघडलेल्या असताना लिहिणं अर्धवट तोडण्याचा प्रत्येक प्रयत्न बिघाडात भर घालू शकतो. तयार पेनड्राइव्ह आहे, तोच वापरा.

पेनड्राइव्ह लावून संगणक सुरू करताना बूट मेनूची की दाबत राहा. कंपनीप्रमाणे ती एफ१२, एफ९, एफ११ किंवा एस्केप असते. भाषा निवडण्याची खिडकी आली की 'इन्स्टॉल' दाबायचं नाही. 'रिपेअर'चा पर्याय जुन्या इन्स्टॉलरमध्ये खाली डाव्या कोपऱ्यात असतो, नव्यात सुरुवातीच्या निवडीतच. तिथून ट्रबलशूट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग कमांड प्रॉम्प्ट.

## २. डेटा बाहेर काढा, दुरुस्ती नंतर

कमांड प्रॉम्प्टवर आधी ड्राइव्हची अक्षरं पाहा, कारण इथे तुमचा 'सी' हा 'सी'च असेल असं नाही. डी किंवा ई झालेला असू शकतो.

डिस्कपार्ट, एंटर; लिस्ट व्हॉल्यूम, एंटर. आकारावरून विंडोजचा भाग आणि बाहेरची डिस्क ओळखा, अक्षरं वहीत लिहा, मग एक्झिट. पुढच्या कमांडमध्ये मी विंडोजचा भाग सी आणि बाहेरची डिस्क ई धरली आहे, तुमची अक्षरं वेगळी असतील तर ती घाला.

थोड्याच फाइल्स हव्या असतील तर नोटपॅड असं टाइप करा. नोटपॅड उघडतं. त्यात फाइल, ओपन, 'ऑल फाइल्स' निवडलं की फोल्डर दिसतात आणि उजव्या क्लिकने कॉपी-पेस्ट करता येतं. डेटा मोठा असेल तर :

रोबोकॉपी सी:\यूजर्स ई:\बॅकअप /ई /एक्सजे /आर:१ /डब्ल्यू:१

शेवटचे दोन भाग गाळू नका. ते नसतील तर न वाचता येणाऱ्या एकेका फाइलसाठी रोबोकॉपी ३० सेकंदांच्या अंतराने १० लाख वेळा प्रयत्न करत बसते. संगणक लटकलाय असं वाटतं आणि वैतागून लोक बटण दाबतात. टॅलीचा किंवा दुसऱ्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरचा फोल्डर कुठे आहे ते वेगळं पाहा, तो यूजर्सच्या बाहेर असू शकतो.

> इशारा : डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, किंवा कॉपी दर थोड्या वेळाने अडत असेल, तर लगेच थांबवा. अशा डिस्कवर पुढची एकही दुरुस्ती चालवायची नाही. डेटा मोलाचा असेल तर डेटा रिकव्हरी करणाऱ्यांकडेच न्या.

> तपासा : बाहेरची डिस्क दुसऱ्या संगणकाला लावून दहा-बारा फोटो आणि महत्त्वाच्या फाइल्स प्रत्यक्ष उघडून पाहा. फोल्डर दिसतोय म्हणजे आतलं शाबूत आहे असं नाही.

## ३. दर वेळी तीच फाइल, की वेगवेगळी?

एवढा एकच प्रश्न तुमचे कित्येक तास वाचवतो. उत्तर विंडोजनेच लिहून ठेवलेलं असतं. नोटपॅडमधून सी:\विंडोज\सिस्टिम३२\लॉगफाइल्स\एसआरटी या फोल्डरातली एसआरटीट्रेल नावाची टेक्स्ट फाइल उघडा. तळाशी 'रूट कॉज फाउंड'खाली कोणती फाइल बिघडली ते बहुधा सापडतं. वहीत उतरवा आणि मागच्या वेळच्या नोंदीशी ताडून पाहा.

दर वेळी तीच फाइल असेल, विशेषतः 'सिस' या अक्षरांनी संपणारी ड्रायव्हर फाइल, तर संशय सॉफ्टवेअरवर. अँटिव्हायरस, गेमचं अँटीचीट (खेळातली लबाडी पकडणारा प्रोग्राम), 'सगळे ड्रायव्हर आपोआप अपडेट करतो' म्हणणारी साधनं आणि अर्धवट राहिलेलं विंडोज अपडेट हे नेहमीचे मानकरी. अपडेटचा संशय असेल तर ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधून ताजं 'क्वालिटी अपडेट' काढा. तेही होत नसेल तर विंडोजचंच दुरुस्तीचं साधन डीआयएसएम वापरून अर्धवट राहिलेले बदल मागे घ्या :

डीआयएसएम /इमेज:सी:\ /क्लीनअप-इमेज /रिव्हर्टपेंडिंगॲक्शन्स

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. फॉरमॅट मारून देताना विंडोज चोरीचं टाकलं असेल आणि ते चालू ठेवायला ॲक्टिव्हेटर बसवला असेल, तर तो सिस्टिम फाइल्समध्येच हात घालतो. दुरुस्ती त्या मूळ रूपात आणते, ॲक्टिव्हेटर पुन्हा बदलतो. हे चक्र कोणत्याही कमांडने थांबत नाही. लॅपटॉप विंडोजसकट घेतलेला असेल तर त्याचं लायसन्स बहुधा मदरबोर्डमध्येच असतं. त्याच आवृत्तीचं, होम असेल तर होम, मूळ विंडोज टाकलं की ते आपोआप ॲक्टिव्हेट होतं.

दर वेळी वेगळी फाइल असेल तर विंडोजला दोष देणं सोडा आणि पुढच्या तीन पायऱ्या मनापासून करा.

मध्येच संगणक सुरू झाला तर 'इव्हेंट व्ह्यूअर'मधला सिस्टिम लॉगही पाहून घ्या. 'डिस्क'कडून ७ क्रमांक म्हणजे खराब ब्लॉक, १५३ म्हणजे वाचण्या-लिहिण्याचा प्रयत्न पुन्हा करावा लागला. 'एनटीएफएस'कडून ५५ म्हणजे फाइल सिस्टिमची रचना बिघडली. 'कर्नल-पॉवर' ४१ म्हणजे संगणक नीट बंद न होता गेला. 'व्हीया-लॉगर'च्या नोंदी दिसल्या तर प्रोसेसर, रॅम किंवा मदरबोर्डकडे बोट आहे.

## ४. डिस्कची तब्येत

विंडोज सुरू होत असेल तर 'क्रिस्टलडिस्कइन्फो' हे मोफत साधन पुरतं. होत नसेल तर पेनड्राइव्हवरून उबंटू चालवून त्यातलं 'डिस्क्स' उघडा. लॅपटॉपची स्वतःची चाचणीही असते : एचपीत सुरू होताना एफ२, डेलमध्ये एफ१२ च्या मेनूत डायग्नॉस्टिक्स.

वर दिसणाऱ्या 'गुड' या एका शब्दावर विसंबू नका. साटा डिस्कमध्ये (हार्ड डिस्क आणि जुन्या पद्धतीच्या एसएसडी) या ओळी वाचा :

- ०५ : बदलून दिलेले सेक्टर.
- सी५ : वाचता न येणारे, निर्णय न झालेले सेक्टर.
- सी६ : दुरुस्त न झालेले सेक्टर.
- सी७ : डिस्क आणि बोर्ड यांच्यातल्या वाहतुकीतल्या चुका.

हार्ड डिस्कवर सी५ किंवा सी६ शून्याच्या वर असेल तर त्या डिस्कवर विंडोज ठेवू नका. ०५ थोडा असून महिनोन्महिने स्थिर असेल तर एक वेळ चालेल, वाढत असेल तर बदला. क्रिस्टलडिस्कइन्फो हे आकडे मुळात हेक्स (सोळाच्या) पद्धतीत दाखवतं, दहाच्या पद्धतीत करण्याची सोय फंक्शन मेनूत आहे.

सी७ वेगळा आहे. तो वाढत असेल तर बहुतेक वेळा डिस्क निर्दोष असते आणि गुन्हा साटा केबलचा. पुण्याच्या तपकीर गल्लीत कोणत्याही दुकानात मिळणारी ही छोटी केबल बदलली नाही म्हणून लोक नवी एसएसडी घेतात, जुन्याच केबलवर लावतात आणि फाइल्स पुन्हा बिघडतात. केबल बदलल्यावर हा आकडा शून्यावर येत नाही, तो वाढायचा थांबला का एवढंच पाहायचं.

एनव्हीएमई एसएसडीत (मदरबोर्डवर थेट बसणारी नवी पद्धत) 'मीडिया अँड डेटा इंटेग्रिटी एरर्स' शून्य हवा. 'अनसेफ शटडाउन्स' (नीट बंद न होता वीज तुटल्याच्या वेळा) हा आकडा जरूर वाचा. तो भराभर वाढत असेल तर थेट सहाव्या पायरीचं उत्तर मिळालं.

## ५. रॅम

रॅम बिघडलेली असेल तर डिस्क कितीही चांगली असो, तिच्यावर चुकीचंच लिहिलं जातं. आणि दुरुस्तीची साधनंही त्याच रॅममधून काम करतात! म्हणून रॅम तपासण्याआधी दुरुस्ती चालवली तर चांगल्या फाइल्सही बिघडू शकतात.

विंडोजची स्वतःची मेमरी चाचणी उत्तीर्ण झाली म्हणून निर्धास्त होऊ नका. 'मेमटेस्ट८६' किंवा 'मेमटेस्ट८६+' पेनड्राइव्हवर टाका आणि रात्री लावून ठेवा. किमान चार फेऱ्या पूर्ण होऊ द्या. एक जरी चूक दिसली तरी निकाल 'नापास', 'एवढं चालतं' असं इथे नसतं.

चूक आली तर पुढचा क्रम :

1. बायोसमध्ये (मदरबोर्डची स्वतःची सेटिंग) एक्सएमपी किंवा एक्सपो, म्हणजे रॅमचा वाढीव वेग, बंद करून पुन्हा चाचणी. चूक गेली तर रॅम कदाचित ठीक आहे, वेग झेपत नव्हता.
2. संगणक बंद, प्लग काढलेला, लॅपटॉपची बॅटरी सोडवलेली. रॅम काढून संपर्क कोरड्या मऊ कापडाने पुसा, नीट 'खट्' आवाज येईपर्यंत बसवा.
3. दोन पट्ट्या असतील तर एकेक करून तपासा. चूक पट्टीबरोबर फिरते की स्लॉटबरोबर, ते पाहा. स्लॉटबरोबर राहिली तर दोष मदरबोर्डचा.

इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीचा डेस्कटॉप प्रोसेसर असेल तर आणखी एक काम. या पिढ्यांतल्या अनेक प्रोसेसरना जास्त व्होल्टेजमुळे अस्थिरता येत असल्याचं इंटेलने २०२४ मध्ये मान्य केलं, बायोसमार्फत मायक्रोकोडचे (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचे) सुधार दिले आणि वॉरंटी २ वर्षांनी वाढवली. मदरबोर्डच्या साइटवरून ताजा बायोस टाका. पण झालेली झीज बायोसने भरून येत नाही. लक्षणं तशीच राहिली तर वॉरंटी मागा.

> तपासा : विंडोज चालू असेल तर रॅमपेक्षा मोठी एखादी फाइल घ्या आणि सर्टयूटिल -हॅशफाइल, पुढे फाइलचं नाव, पुढे एसएचए२५६ अशी कमांड तीनदा चालवा. तिन्ही उत्तरं अक्षर न अक्षर सारखी हवीत. वेगळी आली तर हार्डवेअर वाचताना चुकतंय, दुरुस्तीला हात लावू नका.

## ६. वीज

पुण्यात ही पायरी वगळून चालत नाही. एप्रिल-मेमध्ये वळवाच्या पावसात वीज मिनिटाला ये-जा करते, देखभालीसाठी गुरुवारी बंद असते, आणि अनेक सोसायट्यांत जनरेटर फक्त लिफ्ट आणि जिन्यापुरता. अपडेट चालू असताना गेलेली एक वीज पुरेशी असते.

घरी इन्व्हर्टर आहे म्हणून डेस्कटॉप सुरक्षित, हा मोठा गैरसमज. बऱ्याच इन्व्हर्टरवर 'यूपीएस' आणि 'नॉर्मल' किंवा 'इको' असा खटका असतो. नॉर्मलवर बॅटरीकडे जायला लागणारा वेळ पंखा-दिव्यांना चालतो, संगणकाला नाही. खटका यूपीएसवर ठेवा. वेगळा यूपीएस असेल तर महत्त्वाचं काम बंद करून, संगणक सुरू असताना भिंतीवरचं बटण बंद करून पाहा (ही चाचणी दुरुस्ती पूर्ण झाल्यावर करा, आधी नको. आत्ता यूपीएसला फक्त दिवा लावून तपासा). दिवा दोन मिनिटंही तगला नाही तर बॅटरी संपली. लेड ॲसिड बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते.

एसएमपीएस (डेस्कटॉपला वीज पुरवणारा डबा) जुना असेल तर बायोसच्या हार्डवेअर मॉनिटरमध्ये १२ व्होल्टची ओळ पाहा. ११.४ ते १२.६ च्या बाहेर जाता कामा नये. आत असूनही संशय राहिला तर ओळखीच्याकडून चांगला एसएमपीएस आणून आठवडाभर लावून पाहा. एसएमपीएस स्वतः उघडू नका, बंद असतानाही आत धोकादायक व्होल्टेज असतं. पेठांतल्या जुन्या वाड्यांत, इमारतींत अर्थिंग आहे की नाही तेही वायरमनकडून तपासून घ्या.

## ७. आता दुरुस्ती, याच क्रमाने

अ. फाइल सिस्टिम. सीएचकेडीएसके सी: /एफ. सगळे सवयीने /आर लावतात. तो संपूर्ण डिस्क वाचतो, तासन् तास चालतो आणि मरायला टेकलेली डिस्क त्यातच दम तोडते. चौथ्या पायरीत डिस्क चांगली निघाली असेल तर /एफ पुरे.

आ. मूळ साठा. एसएफसी बिघडलेल्या फाइलच्या जागी चांगली प्रत विंडोजच्या आतल्या साठ्यातून आणते. साठाच बिघडलेला असेल तर एसएफसी काय आणणार? म्हणून डीआयएसएम आधी. पेनड्राइव्ह डी असेल तर प्रथम यादी :

डीआयएसएम /गेट-इमेजइन्फो /इमेजफाइल:डी:\सोर्सेस\इन्स्टॉल.ईएसडी

यादीत तुमच्या आवृत्तीचा (होम, प्रो) क्रमांक पाहा. समजा तो ६ आहे. मग एमडी सी:\स्क्रॅच करून :

डीआयएसएम /इमेज:सी:\ /क्लीनअप-इमेज /रिस्टोअरहेल्थ /सोर्स:ईएसडी:डी:\सोर्सेस\इन्स्टॉल.ईएसडी:६ /लिमिटॲक्सेस /स्क्रॅचडिर:सी:\स्क्रॅच

पेनड्राइव्हवर फाइलचा शेवट 'विम' असेल तर दोन्ही कमांडमध्ये सगळीकडे ईएसडीऐवजी विम. स्क्रॅचचा भाग गाळला तर रिकव्हरीतली तुटपुंजी जागा भरून कमांड अर्ध्यात पडू शकते. टक्केवारी बराच वेळ एकाच जागी थांबते, थांबू द्या.

इ. सिस्टिम फाइल्स.

एसएफसी /स्कॅननाऊ /ऑफबूटडिर=सी:\ /ऑफविनडिर=सी:\विंडोज

नुसतं /स्कॅननाऊ इथे चालत नाही. 'रिपेअर पेंडिंग' किंवा 'सर्व्हिस सुरू होत नाही' असं उत्तर येतं आणि लोक समजतात विंडोज गेलं.

> तपासा : एसएफसी लागोपाठ पुन्हा चालवा. दुसऱ्या वेळी 'कोणतंही उल्लंघन सापडलं नाही' असं आलं पाहिजे. दर वेळी नव्याच फाइल्स बिघडलेल्या सापडत असतील तर पायरी ४ किंवा ५ मध्ये काहीतरी निसटलंय.

ई. बूटची नोंद, आणि तीही फक्त वरचं सगळं होऊन संगणक सुरू झाला नाही तरच. नव्या संगणकांवर 'बूटरेक /फिक्सबूट'ला 'ॲक्सेस इज डिनाइड' असं उत्तर मिळतं, त्याच्या मागे लागू नका. डिस्कपार्टमध्ये फॅट३२ चा, १०० एमबीच्या आसपासचा छोटा भाग शोधा (तुमचा पेनड्राइव्हही फॅट३२ असू शकतो, आकार नीट पाहा). सिलेक्ट व्हॉल्यूम पुढे त्याचा क्रमांक, मग असाइन लेटर=एस, एक्झिट. नंतर :

बीसीडीबूट सी:\विंडोज /एस एस: /एफ यूईएफआय

> इशारा : 'रेगबॅक फोल्डरातून रजिस्ट्री (विंडोजच्या सगळ्या सेटिंगची नोंदवही) परत कॉपी करा' हा जुना उपाय करू नका. विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीपासून विंडोज तिथे आपोआप प्रत ठेवत नाही, फाइल्स शून्य आकाराच्या असतात. त्या कॉपी केल्या की चांगली रजिस्ट्रीही जाते.

## ८. तरीही अडलं तर

विंडोज कसंबसं सुरू होत असेल तर आतूनच पेनड्राइव्हवरचा सेटअप चालवा आणि 'फाइल्स आणि ॲप्स ठेवा' निवडा. सिस्टिम नवी होते, प्रोग्राम राहतात. पेनड्राइव्हवरून बूट करून हे होत नाही, तिथून विंडोज नव्यानेच टाकावं लागतं, प्रोग्राम राहत नाहीत. तसं करावं लागलं तर जुने विभाग काढून टाका आणि पहिल्याच दिवशी वीस प्रोग्राम भरू नका. आठवडाभर विंडोज, अपडेट आणि मूळ ड्रायव्हर एवढंच. तेवढ्यातही बिघडलं तर दोष हार्डवेअरचा. नाही बिघडलं तर एकेक प्रोग्राम दोन-तीन दिवसांच्या अंतराने टाका.

## ९. पुढचा महिना

कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समधून 'फास्ट स्टार्टअप' बंद करा. त्यामुळे 'शट डाउन' म्हणजे खरोखर बंद होतं, सिस्टिमची अर्धवट झोपवलेली अवस्था डिस्कवर राहत नाही. डिस्क काठोकाठ भरू देऊ नका.

दर आठवड्याला चालू विंडोजमध्ये ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून एसएफसी /व्हेरिफायओन्ली चालवा. ती फक्त पाहते, बदलत नाही. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ७, ४१, ५५ आणि १५३ पाहा. ०५, सी५, सी७ आणि 'अनसेफ शटडाउन्स'चे आकडे पहिल्या दिवसाच्या शेजारी लिहा. चारही जागचे तिथेच असतील तर रोजचं काम पुन्हा त्या संगणकावर आणा, पण बाहेरच्या डिस्कवरची प्रत तोवर पुसू नका. एखादा सरकला असेल तर तेवढाच भाग बदला : सी७ साठी केबल, सी५ साठी डिस्क, शटडाउन्ससाठी यूपीएसची बॅटरी. आणि दुकानात जाताना ती वही बरोबर न्या, म्हणजे समोरचा फॉरमॅट मारायला घेण्याआधी तिच्यातले आकडे त्याला दाखवता येतील.